मयताचं वय सत्तावीस

शेतकरी-आत्महत्यांनंतर आलेल्या सरकारी पॅकेजच्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात शेततळ्यांचं पीक जोरात आलं होतं, निदान कागदावर. खरोखर खणायला घेतलेलं एक तळं मी पाहिलं, वर्धा नदीकाठच्या एका गावात, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांच्या वावरात. जेसीबीच्या दातांना काळी-तांबडी मडकी लागली आणि त्यांच्याखाली एक माणूस निघाला. म्हणजे त्याची हाडं, पाय नीट लांब केलेली.

मी तेव्हा अमरावतीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होते. मास्तरांचा फोन आल्यावर निघाले, पण मी पोचेपर्यंत हाडांचे नातेवाईक जमले होते. अर्ध्या गावाच्या मते ती एका महाराजांची समाधी होती, उरलेल्या अर्ध्याच्या मते पिराची मजार. दोन्हीकडच्या उदबत्त्यांची राख मात्र एकत्रच पडत होती. मास्तर बाजूला बांधावर उभे होते.

"मॅडम, हा कधीचा आहे ते समजते का?" त्यांनी विचारलं. "कोनाचा ते मंग पाहू."

समजतं, म्हटलं. जिवंत असेपर्यंत माणूस, गाय, ज्वारी, सगळेच हवेतून, अन्नातून कार्बन घेत राहतात. त्यात एक किंचित किरणोत्सारी प्रकार असतो. मेल्यावर घेणं थांबतं आणि आत असलेला तो कार्बन ठरलेल्या गतीनं घटतो, पावणेसहा हजार वर्षांत अर्धा. किती उरला ते मोजलं की मरण कधीचं ते कळतं. अडचण एवढीच, की आजचा कार्बन मिसळला तर जुनं हाड तरणं दिसतं. म्हणून उदबत्त्या काढा, अशी मी विनंती केली. त्यावर सकाळपासून भांडणारे दोन्ही पक्ष पहिल्यांदा एक झाले, माझ्याविरुद्ध. शेवटी मास्तरांनीच पुढे होऊन एकेक उदबत्ती उचलली आणि सगळ्या बांधावर नेऊन खोचल्या. त्यांना कोणी अडवलं नाही. गावातल्या बऱ्याच जणांना त्यांनी मारून-मुटकून पाढे शिकवले होते.

पुरातत्त्व खात्याची परवानगी आल्यावर मांडीच्या हाडाचा तुकडा आणि शेजारचा कोळसा मी चिमट्यानं उचलून अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळला. अकोल्याहून गाडी धरली आणि परराज्यातल्या प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिला. निकाल येईपर्यंत तळ्याचं काम बंद, असा तहसिलीचा हुकूम निघाला. निकालाला वर्ष लागलं.

वय आलं सुमारे सत्तावीसशे वर्षं, शंभरेक वर्षं मागेपुढे. एवढं जुनं असणं महाराजांना परवडणारं नव्हतं आणि पिरालाही. दोन्ही पक्ष एका आठवड्यात पांगले. मी निकाल घेऊन तहसिलीत गेले, तर तिथल्या बाबूंनी पहिल्यांदा विचारलं, ही वर्षं कधीपासून मोजली. एकोणीसशे पन्नासपासून मागे, मी सांगितलं. शास्त्रज्ञांनी 'आज' म्हणून तेच साल धरलंय.

"बरं हाय," बाबू म्हणाले. "आमच्याकडंयी तसंच हाय."

त्या वर्षांत तहसिलीत मयताचा एकच छापील नमुना उरला होता. शेतकरी होता काय, सात-बारा नावावर आहे काय, मदतीला पात्र की अपात्र. बाबूंनी तोच भरला. सात-बारा नसल्यानं मयत अपात्र ठरला. वयाच्या रकान्यात दोनच चौकोन होते, त्यात त्यांनी २७ लिहिलं. मी हरकत घेतली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, की पुढचं तुम्ही अर्ज करून कळवा.

मी अर्ज केला, पण त्याआधी नमुन्याची प्रत पोलीस ठाण्यात पोचली. मास्तरांना बोलावणं आलं. मीही सोबत गेले.

"सत्तावीस वर्षांचा तरणा मानूस तुमच्या वावरात पुरलेला, अन् तुमाले पत्ता नाही?" फौजदारांनी विचारलं.

"साहेब, तवा माह्यं गावच नोतं," मास्तर म्हणाले.

मी प्रयोगशाळेचं पत्र पुढे केलं. ते इंग्रजीत होतं, म्हणून फौजदारांनी ते दोनदा आदरानं पाहिलं. तीन फेऱ्यांनंतर प्रकरण मिटलं: वारस आढळून येत नाहीत. तोवर तळ्याच्या अनुदानाची मुदत संपली होती. काम अपूर्ण ठेवल्यामुळे लाभार्थी अपात्र, असं पत्र मास्तरांनी मला दाखवलं. खड्डा त्यांनी बुजवला आणि त्यावर तूर पेरली. हाडं आमच्या विभागात खोक्यात गेली.

ती पाहायला मास्तर एकदा अमरावतीला आले. मांडीचा तुकडा परत आला का, असं विचारलं. नाही, म्हटलं; कार्बन मोजायला तो जाळून त्याचा वायू करावा लागतो.

त्यांनी खोक्याचं झाकण परत नीट लावलं.

"त्याच्या लोकांनी त्याले मातीत ठेवलं होतं," ते म्हणाले. "आपन त्याले वय पुसलं अन् जाळलं."

मी चहा मागवला. त्यांनी तो अर्धाच घेतला आणि बसस्टँडवर निघून गेले. त्याच आठवड्यात अहवाल द्यायचा होता. त्यात अशा ठिकाणी लिहायचं एक ठरलेलं वाक्य असतं, 'नमुना विश्लेषणात खर्ची पडला'. मी ते लिहिलं.