रुमालाखालचा कार्बन

सय्यद सरांवर माझा राग आहे आणि तो मी सोडलेला नाही. कशालाही पहिल्या झटक्यात हो म्हणणं त्यांना माहीतच नव्हतं. कलिंगड उचलायचे, खाली ठेवायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन तेच घ्यायचे. "हलवून बघ, मग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

परळीच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांचे वडील सिरसाळ्याच्या बाजारात बैलांचे दलाल. केबलवाल्याची जुनी, भलीमोठी डिश घ्यायला ते माझ्या भंगाराच्या दुकानात आले. माझ्या हातावर रुमाल टाकला आणि बैलबाजारासारखा खालून बोटं दाबून भाव सुरू केला. शेवटी पंजा आवळला, म्हणजे सौदा पक्का. भावात मला कोणी हरवत नाही. सरांनी हरवलं, वर डिश उभी करायला दुकानामागची माझी मोकळी जागाही घेतली.

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात कार्बन आहे. त्याच्या अणूत सुटा इलेक्ट्रॉन येऊन अडकला, की तो पायरी पायरीने खाली उतरतो आणि उतरताना बारीकशी रेडिओलहर सोडतो. हैदराबादला लेकीकडे कायमचं जाण्याआधी सरांना ती पकडायची होती. भर उन्हात संगणकापुढे बसायचे. दिवसा कसले तारे, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मृग कुठं जातंय? उन्हामागं हायच की."

पण आलेखावर नुसतं खरखरीचं गवत माजलेलं. कारण माझं वेल्डिंग, त्याच्या ठिणग्याही रेडिओलहरी सोडतात. मी भडकलो, तुमच्या मृगासाठी पोटाला कुलूप लावू का म्हणालो. सर शांतपणे म्हणाले, "नको लावू. मी जातो, लहर येतच राहील." त्याने मी आणखी पेटलो आणि वेल्डिंगचं मशीनच बंद केलं.

मग रोजचा जमवलेला आवाज सर एकावर एक रचत गेले, म्हणजे खरखर विरत जाते आणि खरी लहर साचत जाते, आणि एका दुपारी त्या गवतातून टोक वर आलं, बरोबर कार्बनच्या जागी! मी पळत जाऊन जिलेबी आणली. येऊन बघतो तर सर डिश बाजूला फिरवतायत.

"सापडलंय तर हलवता काहून?"

"बैल घेताना चालवून बघतोस का न्हाई?"

डिश बाजूला होती तोवर कितीही रचलं तरी गवतच. परत मृगाकडे वळवली. जायचा दिवस उजाडला तरी आम्ही रचतच होतो. आणि टोक आलं. तिथंच. सर, आता तरी बोला, मी म्हणालो.

सरांनी खिशातून रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून पंजा असा आवळला, की बोटं कळवळली. मग रिक्षात बसले.

आता अख्खी परळी मला विचारते, "सापडलं का बे?" मी हो म्हणतो, लोक हसतात. रुमालाखालच्या सौद्याला साक्षीदार नसतो. तोंडानं एकदा म्हणायला त्यांचं काय जात होतं?