एक जोडी, दोन मुलं

काकूंचा राग साऱ्या वस्तीला माहीत होता. पण त्या रागाला एक शिस्त होती. काही मनाविरुद्ध झालं की काकू आधी स्वयंपाकघराचा ओटा घासायच्या, मग देवासमोर बसून पुटपुटायच्या. उठताना राग ओसरला असेल तर विषय संपला. नसेल ओसरला, तर चपला घालून बाहेर.

"देवापुढे टिकतो तेवढाच राग घराबाहेर न्यावा," असं त्या सुनेला सांगत.

"आई, तुमचा बहुतेक टिकतोच," सून म्हणायची.

हा राग काही म्हातारपणी आलेला नव्हता. काकूंना एक थोरला भाऊ होता. लहानपणी एका मालगाडीच्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पुढे जन्मभर दादाने कृत्रिम पाय वापरला, आधी लाकडाचा, मग प्लास्टिकचा. त्यावर उभा राहून शिकला, पोस्टात लागला, संसार केला. रोज सकाळी मागच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून तो बुटांना पॉलिश करायचा. दोन्ही बुटांना, सारखंच मन लावून.

"दादा, त्या पायाला काय कळतंय? त्याचा बूट कशाला एवढा घासतोस?" धाकटी बहीण विचारायची.

"त्याला कळत नाही म्हणूनच तर. ज्याला कळतं तो आपलं आपण बघून घेतो."

ही गोष्ट दादा शाळेत असतानाची. शेजारच्या बाईंनी एकदा त्याच्यासाठी बूट आणून दिला. एकच, डावा. उजवा कुत्र्याने पळवून कुरतडला होता. "फेकून द्यायचं जिवावर आलं. म्हटलं, तुमच्या मुलाला काय, एकच लागतो," असं म्हणून बाई अगदी प्रेमाने हसल्या. आईने बूट घेतला. घरात ओढगस्त होती, नाही कुठल्या तोंडाने म्हणणार. दादाने तो घातला आणि अंगणात चालून दाखवलं. एका पायात बूट, दुसरं लाकूड उघडं. एक बाजू उंच, एक बसकी. टप्प, ठक, टप्प, ठक. ओल्या फरशीवर लाकूड सटकलं आणि तो आडवा झाला. सगळे हसले. दादासुद्धा हसला. हसली नाही ती फक्त बहीण. तिने त्याच्या पायातून बूट काढला, तरातरा शेजारी गेली आणि बाईंच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला.

"आमच्या दादाला दोन पाय आहेत," ती म्हणाली आणि परत आली.

आईने पाठीत धपाटा घातला. दादाने मात्र त्या दिवसापासून तिला ठिणगी म्हणायला सुरुवात केली, ते शेवटपर्यंत.

काकूंचं मदत मंडळ निघालं ते पुष्कळ पुढे, काकूंची मुलं मोठी झाल्यावर. काकूंची बालमैत्रीण नर्स होती. नोकरीसाठी ती समुद्रापलीकडच्या एका देशात गेली. तिच्या दवाखान्याला लागून अपंग मुलांची शाळा होती. दोन खोल्या, गळकं छप्पर, आणि चटईवर बसून शिकणारी मुलं. मैत्रीण फोनवर त्या मुलांविषयी बोलायला लागली की थांबायची नाही. काकूंनी शेजारपाजारच्या बायका गोळा केल्या. उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या, विकायच्या आणि शाळेला काय हवं ते धाडायचं, एवढंच काम. कितीतरी वर्षं ते सगळं मंडळ काकूंच्या बैठकीतल्या एका कपाटात मावत होतं.

मग मंडळाला सभागृह मिळालं, नोंदणी झाली आणि अध्यक्ष आले. माणूस वाईट नव्हता. एका कारखान्याचे निवृत्त व्यवस्थापक. त्यांना काटकसरीची आवड, आणि काटकसर केलेली चारचौघांना दाखवण्याची त्याहून जास्त. मंडळाचं पान त्यांच्याशिवाय हलेनासं झालं. काकूंना त्यांनी सन्मानाने पहिल्या रांगेतली खुर्ची दिली. काकू म्हणायच्या, "खुर्ची चांगली आहे, फक्त तिथून काही करता येत नाही."

त्या वर्षी मैत्रिणीचा फोन आला तो हसत रडतच.

"अगं, मुलांना पाय मिळाले. नवे, मापाचे. आता बूट पाठव. बंद, सपाट टाचेचे. बुटाशिवाय हा पाय नीट टेकत नाही, मूल मागे कलंडतं. बूट आले की शाळेच्या वाढदिवसाला सगळी उभं राहून प्रार्थना म्हणणार आहेत. आजवर बसून म्हणत होती."

काकूंनी तो निरोप वस्तीत दारोदार नेला. लहान झालेले, कमी वापरलेले बूट घराघरांतून आले. काकू आणि सून यांनी एकेक बूट ओल्या फडक्याने पुसला, उन्हात ठेवला, नव्या नाड्या ओवल्या. जोडी चुकू नये म्हणून दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि सगळे बूट सभागृहात पोचते केले. मग काकूंना ताप आला, आणि त्या अंथरुणाला खिळल्या.

उठून बाहेर पडल्या त्या थेट कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. संध्याकाळी समारंभ आणि लगोलग टेम्पो खोकी घेऊन बंदरावर जाणार, असं ठरलं होतं. काकूंना वाटलं, जाण्याआधी एकदा नजर टाकावी. सभागृहात व्यासपीठाच्या कडेला खोकी रचून ठेवली होती. निम्म्या खोक्यांवर लिहिलं होतं 'डावे' आणि निम्म्यांवर 'उजवे'. काकूंनी एक खोकं उघडलं. सगळे डावे बूट. बांधलेल्या नाड्या कात्रीने कापून टाकलेल्या, टोकं लोंबत होती. वर व्यासपीठावर अध्यक्ष स्टुलावर चढून फलक सरळ करत होते. फलकावर मोठ्या अक्षरांत होतं: 'एक जोडी, दोन मुलं'.

"हे काय केलंय?" काकूंनी विचारलं.

"आलात? बरं वाटतंय ना आता?" अध्यक्ष खुशीत खाली उतरले. "अहो, आम्ही बसून विचार केला. मुलाचा एक पाय कृत्रिम. मग त्याला बूट किती हवेत? एक. आणि आपण देतोय दोन. म्हणजे निम्मे फुकट. आता तेवढ्याच बुटांत दुप्पट मुलं. डावे या शाळेला, उजवे त्यांच्या दुसऱ्या गावच्या शाळेला. वाटणीसुद्धा सुटसुटीत."

"आणि दुसरा पाय?"

"तो कृत्रिम आहे, काकू."

"कृत्रिम आहे म्हणून काय तो हवेत असतो?"

अध्यक्ष हसले, लहान मुलाला समजावताना हसतात तसे. काकूंनी पिशवीतून फोन काढला, मैत्रिणीला लावला आणि त्यांच्या हातात दिला. "ती तिथे रोज बघते. तिला विचारा."

अध्यक्ष ऐकत राहिले. "हो... असं का... अच्छा, टाचेची उंची... नाही, ते लक्षात नव्हतं आलं." बोलता बोलता त्यांचा आवाज बसत गेला. फोन परत देताना त्यांनी काकूंकडे बघितलं नाही. आता कळलं आहे म्हणजे आता दुरुस्त करतील, असं काकूंना वाटलं. त्यांनी पदर खोचून पहिलं खोकं ओढायला घेतलंही.

"राहू द्या," अध्यक्ष म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? संध्याकाळी पाहुणे येणार. फलक छापला. पाहुण्यांचं भाषण याच कल्पनेवर आहे, मीच लिहून दिलंय. आता सगळं उसकटून बसलो तर मंडळाचं हसं होईल. पुढच्या वर्षी जोड्या पाठवू."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी बघतील ते काहीतरी. आणि खरं सांगू का, ती मुलं तक्रार करत नाहीत. जे मिळेल त्यात खूश असतात बिचारी."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नकळत झालेली चूक एक वेळ पोटात घालता येते. हा माणूस तर आता सगळं समजून उमजून बोलत होता. त्याला फलक सरळ हवा होता, मुलं कलंडली तरी चालणार होती. आणि तक्रार करत नाहीत म्हणे. दादाने तरी कुठे केली होती? पडल्यावरही हसला होता. तक्रार न करणाऱ्याच्या अंगावर जगाने काय काय टाकावं, याला काही धरबंध आहे का?

"तुम्ही घरी जाऊन पडा बघू. अजून अशक्तपणा आहे," अध्यक्ष म्हणाले.

काकू घरी आल्या. ओटा घासला. घासलेलाच पुन्हा घासला. मग देवासमोर जाऊन बसल्या. त्यांनी मनापासून सांगितलं, की देवा, मी आजारातून उठले आहे, मला भांडण नको आहे. माझ्या हातचं मंडळ दुसऱ्याच्या हाती गेलं, त्याचा हा जळफळाट असेल तर तो इथेच घे आणि मला गप्प बसव. पण राग त्या मुलांसाठी असेल, तर मला अडवू नकोस. बराच वेळ त्या डोळे मिटून बसल्या. आत काहीही थंड झालं नाही. उलट डोळ्यांपुढे ओली फरशी आली आणि तो आवाज ऐकू आला, टप्प, ठक.

उठल्या तेव्हा सून दारात उभी होती. हातात सुतळीचं बंडल आणि कात्री.

"टिकला?" तिने विचारलं.

"टिकला."

"मग चला. मी भात लावून ठेवलाय."

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पाहुणे बोलायला उभे राहिले. काटकसरीतून करुणा कशी फुलते, असं काहीसं ते वाचून दाखवत होते. तेवढ्यात सासूसुना कडेच्या दारातून आत आल्या, व्यासपीठापुढच्या मोकळ्या सतरंजीवर बसल्या आणि एक डाव्याचं, एक उजव्याचं अशी दोन खोकी त्यांनी उपडी केली. धबधब बूट पडले. पाहुण्यांचं वाक्य अर्धंच राहिलं.

अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "काकू, कार्यक्रम चालू आहे."

"चालू द्या की. बोलण्यात माझा काही अडथळा नाही."

"हे तुम्ही काय करताय?"

"जोड्या लावतेय. तुम्ही तोडल्यात त्या."

सभागृहात कुजबुज झाली. काही जण हसले, काहींनी नाकं मुरडली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारी तापातच आहे अजून." काकूंचे कान लाल झाले, पण हात थांबले नाहीत. एक बूट घ्यायचा, त्याचा जोडीदार शोधायचा, सुतळीने बांधायचा. सापडेना, तर बाजूला ठेवून पुढचा. बरेचसे बूट शाळेचे, काळे, एकासारखा एक. काम रेंगाळायला लागलं. टेम्पोवाला दारात येऊन घड्याळ बघून गेला. सून हळूच म्हणाली, "आई, दोघींच्यानं नाही व्हायचं." काकूंनाही ते दिसत होतं. तरी त्यांनी पुढचा बूट उचलला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठून पुढे आल्या. वाकून त्यांनी एक बूट उचलला.

"अहो, हा आमच्या मुलीचा. पट्टा तुटला होता, हा लाल दोरा मीच घातलाय. याचा दुसरा कुठे गेला?"

"असेल यातच. नाहीतर बंद खोक्यात," काकू म्हणाल्या.

"पण मी जोडी दिली होती."

"सगळ्यांनी जोडीच दिली होती. विचारा त्यांना."

बाईंनी व्यासपीठाकडे बघितलं, मग डोक्यावरच्या फलकाकडे. तो फलक जणू त्यांना आत्ता वाचता आला. "म्हणजे माझ्या मुलीचा एक बूट एकीकडे आणि एक दुसरीकडे? आणि ज्या पोराला मिळेल ते एका पायाने अनवाणी?" असं म्हणून त्या तिथेच मांडी घालून बसल्या आणि दुसरा बूट शोधायला लागल्या.

मग दुसऱ्या उठल्या. मग एक आजोबा काठी टेकत आले. त्यांना खाली बसता येईना, म्हणून ते उभ्यानेच काठीने बूट दाखवू लागले. "तो, तो. नातवाचा आहे. आत त्याचं नाव मीच लिहिलंय. नाही, तो नव्हे, बाई, चष्मा लावा." लोक खुर्च्या सोडून सतरंजीवर आले. उरलेली खोकी फोडली गेली. कुणी सुतळी कापत होतं, कुणी गाठ मारत होतं, आणि ज्याला आपल्या बुटाचा जोडीदार मिळे तो हरवलेलं पोर सापडल्यागत हाका मारत होता. पाहुणे थोडा वेळ कागद हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

जोड्या पुन्हा खोक्यांत भरून झाल्या. 'डावे', 'उजवे' या अक्षरांवर सुनेने काट मारली. सतरंजीवर एकच बूट उरला, तपकिरी, डावा. त्याचा उजवा कुठल्याही खोक्यात मिळाला नाही.

अध्यक्ष इतका वेळ व्यासपीठावरून हलले नव्हते. आता ते तिथूनच म्हणाले, "तो एक कशाला ठेवताय? घाला त्यातच. कुणाला तरी होईल."

काकूंनी तो बूट उचलला. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. व्यासपीठाच्या पायऱ्या चढून गेल्या आणि अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलावर, फुलदाणीच्या शेजारी, त्यांनी तो अलगद ठेवला.

"आमच्या मुलांना दोन पाय आहेत," त्या म्हणाल्या, आणि खोकी उचलायला टेम्पोवाल्याला आत बोलावलं.