हरळीचा वाफा

मी पोटासाठी हरळी पिकवतो. हे वाक्य आमच्या गावात मी कधी मोठ्याने उच्चारत नाही. चंद्रपूरकडे मूल नावाचं गाव आहे, त्याच्या पुढे आमचं गाव, सगळी भातशेतं, म्हणजे धानाच्या बांध्या, आणि तिथे हरळी म्हणजे सात जन्माची वैरीण. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ती बांधीत उतरली की बाया वाकून तिला मुळासकट उपटतात, माती झटकतात आणि मुळं वर करून उन्हात टाकून देतात. माझ्या आईने उभा जन्म हेच केलं. तिचा धाकटा मुलगा मात्र कारखान्याच्या वसाहतीत गोल्फच्या मैदानाचा सुपरवायझर. म्हणजे त्याच हरळीला खत घालणारा, पाणी पाजणारा आणि रोज सकाळी मशीन फिरवून तिची हजामत करणारा. लग्नात गावचे लोक भेटले की विचारतात, "का बाबू, यंदा गवत कसं पिकलं?" मी हसून "फस्क्लास" म्हणतो आणि आतून माझं टाळकं सरकतं. मी तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आईला वाटायचं, साहेबांचं गवत म्हणजे काहीतरी विलायती असणार. मीही कधी सांगितलं नाही की माय, जात बारीक आहे, पण आहे ती हरळीच.

आमचं मैदान नऊ होलचं. एका अंगाला साहेबांचे बंगले, दुसऱ्या अंगाला नाला आणि नाल्यापलीकडे नदी. प्रत्येक होलच्या टोकाला सतरंजीसारखा एक सपाट तुकडा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. चेंडू जायचं भोक त्यातच. बाकी मैदानावर कुठलंही गवत चालतं, ग्रीनवर मात्र हीच बारीक हरळी लागते, आणि तिचे नखरे नव्या नवरीसारखे. उन्हाळ्यात चंद्रपूरचं ऊन तिला भाजून काढतं. दुपारी पाणी घातलं तर ती उकडते, नाही घातलं तर करपते. त्यात कोळशाची काळी भुकटी पानांवर बसते, ती पहाटे पाइपने धुवावी लागते. जवळच्या खेड्यातल्या काही बाया आणि मी, एवढ्यांवर सगळा कारभार. खेळायला येणारे साहेब म्हणायचे, छान राखलंय हं. एवढं ऐकलं की बायांचा दिवस बरा जायचा. माझाही.

त्या वर्षी मैदानावर पाणी आभाळातून कमी आणि नाल्यातून जास्त आलं. नदी तुडुंब भरली की नाल्याचं पाणी घेत नाही, मग नाला उलटा फिरतो. सकाळी पंपाच्या खोलीजवळ उभा राहून पाहिलं तर मैदान नव्हतंच. झेंड्यांच्या काठ्यांची टोकं तेवढी पाण्यावर दिसत होती. पाणी आलं ते पाहुण्यासारखं मुक्कामालाच राहिलं. ओसरलं तेव्हा सगळ्या ग्रीनवर काळ्या गाळाचा थर, आणि वरून भादव्याचं कडक ऊन. गाळाची पापडी झाली. तिच्याखाली हरळी उकडून पिवळी पडली, मग तिला कुजका वास यायला लागला. आम्ही लाकडी फळ्यांनी गाळ ओढला, पाइप मारले, पुन्हा ओढला. नऊच्या नऊ ग्रीन गेल्या होत्या.

मोठे साहेब गमबूट घालून आले. माणूस वाईट नव्हता, स्वतः खेळायचा. सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाले, "हे दरवर्षीचं झालं. वरचे लोक म्हणतात मैदान बंद करा, तिथं सोलरच्या पाट्या बसवू. दिवाळीच्या आत ग्रीन हिरव्या दिसल्या तर मी त्यांच्याशी भांडेन. नाही दिसल्या तर मला तोंड नाही."

म्हणजे दिवाळीच्या आत हरळी जगली तर आम्ही, नाहीतर बाया घरी आणि मी कारखान्यात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर. कोळशाच्या पट्ट्यावर मी आधी काम केलेलं आहे. तिथे परत जायच्या विचाराने मला रात्री झोप लागेना.

आशा एकच होती. पंपाच्या खोलीमागे उंचवट्यावर आमचा रोपवाफा होता. ग्रीन कुठे टकली पडली तर तिला ठिगळ लावायला तिथे तीच जातिवंत हरळी वाढवून ठेवलेली असते. पुराचं पाणी त्या वाफ्याला जेमतेम भिजवून परत गेलं होतं. त्या एका वाफ्यातली हरळी काढून, तिच्या काड्या तोडून नऊ ग्रीन पुन्हा लावायच्या, असं ठरवलं. आधी ग्रीनवरचा गाळ निघायला हवा होता, म्हणून वाफ्याला हात लावला नव्हता. पाण्याबरोबर वरच्या गावांतून कोणाच्या तरी कोठीतलं धान वाहून आलं होतं, ते त्या वाफ्यात रुजलं. हरळीतून धानाची हिरवी पाती वर आली. मी थोरल्या बाईला सांगून ठेवलं की ती पाती सवडीने उपटून टाका. थोरली बाई म्हणजे आमच्या बायांतली सगळ्यात जुनी, माझ्याही आधीची. मी साहेबांना उलट बोलत नाही, पण थोरली बाई मला बोलते आणि मी ऐकतो.

याच पावसात आमच्या गावचा तलाव फुटला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन हिरवीगार झालेली आमची बांधी रेतीखाली गेली. दादा आईला माझ्या क्वार्टरवर आणून सोडून गेला. जाताना म्हणाला, "तिले समजावजो. जेवत नाई." मी काय समजावणार? जिचं जळतं तिलाच कळतं. आई पाटावर बसायची आणि हात मांडीवर उपडे ठेवायची. टीव्ही लावला तर भिंतीकडे पाहायची. बायकोने भाजी निवडायला दिली तर निवडून द्यायची आणि पुन्हा तशीच. मी म्हणायचो, "माय, आराम कर ना आता."

"आराम करूनच त राह्यली," ती म्हणायची.

तिच्या त्या उपड्या हातांची मला भीती वाटायची. तिला मोकळी हवा मिळावी म्हणून मी रोज सकाळी गाडीवर मागे बसवून मैदानावर आणायला लागलो. पंपाच्या खोलीजवळ कडुलिंब आहे, त्याखाली ती बसायची आणि मी कामाला लागायचो. तिथून तिला वाफा दिसत होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

एक दिवस साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. बाया पार टोकाच्या ग्रीनवर गाळ ओढत होत्या. दुपार कलताना मी परत आलो तर आई वाफ्यात होती. लुगडं खोचलेलं, पाय चिखलात, कपाळावर घाम. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा माणसासारखा दिसत होता. वाफ्यात धानाची रोपं ओळीने उभी होती. जिथे दाट होती तिथली काढून तिने विरळ जागी लावली होती. वाफ्याला चारी बाजूंनी इवलासा धुराही घातला होता. आणि काठावर, ऐन उन्हात, हरळीचा ढीग. उपटलेली, माती झटकलेली, मुळं वर केलेली. एक काडी तिने आत ठेवली नव्हती. जन्मभराची सफाई होती ती.

नऊ ग्रीनचं बियाणं त्या ढिगात वाळत होतं.

आई कंबर सरळ करत म्हणाली, "काऊन रे, एवढी हरळी वाढू देली? मले वाटलं, आपला गेला म्हून तू माह्यासाठी थोडाकसा धान टाकला. हरळीनं खाऊन टाकला असता ना."

यावर कोणी कोणत्या तोंडाने ओरडावं? मी वळलो आणि धावत जाऊन बायांवर ओरडलो. लक्ष कुठे असतं तुमचं, एवढा वाफा उपटून होईपर्यंत कोणाला दिसलं नाही का. थोरल्या बाईने ऐकून घेतलं, ढीग पाहिला, आईकडे पाहिलं आणि मला बाजूला नेलं.

"भाऊ, तुमी बोंबलत राहाल तवर हे वाळून जाईन. गोण्या ओल्या करून आना. लावाचीच होती ना हे? मंग उपटाचं काम झालं म्हना."

तिचं बरोबर होतं, पण निम्मंच. उपटायचीच होती, पण सावलीत, ओल्या गोण्यांत, जेवढी लावायची तेवढीच. इथे सगळी एकदम बाहेर आणि सकाळपासून उन्हात. वरची कडक झाली होती, ढिगाच्या पोटातली अजून लवचीक होती. मी ओल्या गोण्या टाकल्या. सहा ग्रीनवरचा गाळ निघाला होता, तिथे लावणी सुरू केली. बाकी तीन देवाच्या भरवशावर.

आई कडुलिंबाखालून हे सगळं पाहत होती. मी जवळ गेलो तेव्हा विचारलं, "ते हरळी कुठी नेऊन राह्यले?"

सांगावंच लागलं. माय, हीच पिकवतो मी. हिच्यावरच घर चालतं.

तिला आधी पटेना. मग तिने तोंडाला पदर लावला. रडते की हसते कळेना. पदर बाजूला करून म्हणाली, "मले सांगाचं त होतं बाबू." तेवढंच बोलली आणि उठून बायांच्या रांगेत जाऊन वाकली. रोवणा करणारा तो हात. दोन बोटांत काडी, अंगठ्याने चिखलात दाब, पाय मागे, पुढची काडी. सगळ्या बाया धानाच्याच गावच्या, त्यामुळे लावणी झपाट्याने झाली. कोणी गाणं म्हटलं नाही. रोवण्याला म्हणतात, हरळीला कोण म्हणणार.

नंतरचे दिवस मी फक्त पानं मोजत काढले. पाणी कमी, पाणी जास्त, ऊन, मध्येच अवकाळी सर. सहातल्या चार ग्रीन धरल्या. दोन ठिकाणी चट्टे राहिले. उरलेल्या तीन तशाच काळ्या. साहेबांनी पाहून सांगितलं, "चार दाखवता येतील. पण रोपवाफ्यात हरळी भरून ठेव. वरच्यांनी विचारलं, बाकीच्या कशा करणार, तर दाखवायला काहीतरी पाहिजे ना. आठ दिवसांनी येताहेत."

रोपवाफ्यात आईचं धान उभं होतं. चांगलं पोटभर खाल्ल्यासारखं जोमात आलं होतं. ती रोज पाणी पाहायची, धुरा दाबायची, घरी येऊन दोन भाकरी खायची. सुनेशी बोलायची. धान आता गर्भावर होतं, आणखी थोड्या दिवसांत लोंब्या बाहेर पडल्या असत्या. आमच्या घरचं त्या वर्षी उभं असलेलं धान तेवढंच. उचलून दुसरीकडे लावावं तर या अवस्थेत ते जगत नाही, हे कोणाही धानकऱ्याला कळतं.

मी उद्या सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. थोरली बाई रोज माझ्याकडे पाहायची. मी दुसरी जागा शोधली, पण पुराने न नासवलेली जमीन होतीच कुठे? आईने एकदा भाकरी मोडता मोडता विचारलं, "तुले तो वाफा पायजे का?"

"नाई माय. काई नाई पायजे," मी म्हणालो.

वरचे साहेब लोक यायच्या दोन-तीन दिवस आधी सकाळी उठलो तर आई घरात नव्हती. गाडी काढून मैदानावर गेलो. वाफा रिकामा होता. माती हाताने सारखी केलेली, धुरा मोडलेला, पाणी शिंपडलेलं. धानाची पेंडी बांधून कडुलिंबाला टेकवलेली होती. आई वाफ्याच्या कडेला बसून हात धूत होती.

"काऊन उपटला माय?" माझा आवाज चढला. "मी कुठी म्हनलो होतो?"

"तू कायले म्हनशीन? त्या बाईनं सांगतलं मले." तिने हात लुगड्याला पुसले. "दाना भरला नवता बाबू. ते पेंडी कोनाच्या ढोराले टाकून देजो. अन् बस आता, लाव तुही हरळी. ऊन चढन."

धरलेल्या ग्रीनच्या कडेची हरळी मी कापून आणली. मी वाफ्यात बसलो आणि ती काठावर बसून काडी काडी वेगळी करून माझ्या हातात देत राहिली. वाळकी असली तर टाकून द्यायची, हिरवी असली तर द्यायची. मला रडू आवरत नव्हतं. मी मान खाली घालून लावत होतो. तिने पाहिलं असणार, पण पुढची काडी पुढे केली. वाफा भरला तेव्हा सूर्य वर आला होता.

"मूलची गाडी किती वाजता हाय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, दिवाळी इथेच कर. तिथं काय आहे आता? बांधीत रेती आहे माय, कमरेएवढी.

"हाय त हाय. काढा लागन ना," ती म्हणाली. "तुह्यं वावर लागलं. आता माह्यं पायतो."