पाय टेकतील अशी स्कूटर

कारखान्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणायची रीतच असते. पण यांचं मास्तरपण कारखान्यातून घरी, घरातून गल्लीत असं पसरत गेलं, आणि शेवटी त्यांची स्वतःची बायकोही त्यांना चारचौघांत मास्तरच म्हणू लागली. एकतीस वर्षं ते शर्टांचं कापड कापत आले. टेबलावर ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं, हातात लोखंडी जाळीचा मोजा चढवायचा आणि मशीनचं उभं पातं त्या रेघेवरून न्यायचं. पहिल्या शर्टात आणि ऐंशीव्या शर्टात सुताचाही फरक नसायचा. बायको घरी बसून त्याच शर्टांना बटणं लावायची. "तुम्ही कापा, मी जोडते," असं ती म्हणायची, आणि तिच्या मते संसाराची सगळी वाटणी त्या एका वाक्यात आलेली होती.

कारखाना घरापासून दहा मिनिटांवर होता. मग मालकाने ती जागा विकली आणि सगळं बिऱ्हाड गावाबाहेर चौदा किलोमीटरवर नेलं. बस निम्म्या वाटेवरच्या चौकापर्यंत जायची. तिथून पुढे ट्रकांच्या धुळीतून चालत जायचं. पंधरा दिवसांत कारखान्यातल्या बहुतेकांनी स्कूटर घेतल्या. मास्तर मात्र चालतच राहिले. पोचायला रोज उशीर, संध्याकाळी यायला त्याहून उशीर, आणि पायांना फोड.

"लग्नाआधी मित्राची मोटारसायकल मागून आणून मला गावभर फिरवायचात," बायको म्हणाली, "आणि आता एक छोटी स्कूटर चालवायची भीती वाटते?"

"भीती कसली? चांगली मिळाली पाहिजे."

ते खोटं होतं. मास्तरांना दोन वर्षांपासून कडेचं दिसत नव्हतं.

सुरुवात पाण्याच्या पेल्याने झाली. डाव्या हाताशी ठेवलेला पेला कोपर लागून खाली गेला. मग दर चार दिवसांनी पेला, नाहीतर वाटी. दाराची चौकट खांद्याला लागायची. संध्याकाळ झाली की समोरच्या पायऱ्या कुणीतरी पुसून टाकल्यासारख्या व्हायच्या. गल्लीतल्या कुणी बाजूने हाक न मारता नुसता हात केला, तर मास्तर सरळ पुढे निघून जायचे. लोक म्हणू लागले, "मास्तरांना शिंगं फुटली." मास्तरांनी ते ऐकलं आणि गप्प बसले. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा गर्विष्ठ म्हणवून घेणं परवडलं.

कारण त्यांनी थोरल्या भावाला पाहिलं होतं. त्याचंही असंच पेल्यापासून सुरू झालं होतं. पुढे तो भिंतीला हात लावत खोलीतून खोलीत जायचा, आणि शेवटची नऊ वर्षं खिडकीकडे तोंड करून बसून राहिला. उजेड कुठे आहे तेवढंच त्याला कळायचं. हे सगळं माहीत असूनही, किंवा माहीत होतं म्हणूनच, मास्तर डॉक्टरकडे गेले नाहीत. समोरचं लख्ख दिसत होतं. खडूची रेघ समोरच असते.

तर दर रविवारी दोघं स्कूटर बघायला जाऊ लागले. पहिल्या दुकानातल्या स्कूटरची सीट मास्तरांना उंच वाटली. दुसऱ्या दुकानातली स्कूटर जड निघाली, स्टँडवर चढवतानाच दम काढते म्हणाले. तिसऱ्या दुकानात एकीची चाकं लहान, खड्ड्यात जातील. दुसरीचा दिवा मिणमिणता. तिथली विकणारी पोरगी गोड स्वभावाची होती, प्रत्येक वेळी "बरं काका, दुसरी दाखवते" म्हणायची. बायकोचा मात्र धीर सुटला.

"स्कूटर बघताय की सून? सुनेत तरी कुणी इतक्या खोडी काढत नाही!"

पोरगी हसली. मास्तरही हसले. पण त्या रात्री त्यांना घास गेला नाही.

पुढच्या रविवारी त्याच दुकानात बायकोने स्वतःच एक करडी, हलकी, बुटकी स्कूटर निवडली. "आज घेतल्याशिवाय घरी यायचं नाही," असं तिने निघतानाच बजावलं होतं. दुकानामागे मोकळं पटांगण होतं. पोरीने किल्ली दिली. मास्तरांनी बटण दाबलं, मूठ पिळली, आणि स्कूटर निघाली.

खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. तोंडावर वारा आला. हात-पाय काही विसरले नव्हते. पहिली फेरी सरळ झाली, वळणही नीट घेतलं. त्यांच्या मनात आलं, जमेल की. रस्ताही समोरच असतो. दुसऱ्या फेरीला त्यांनी वेग थोडा वाढवला.

हेल्मेट बाकावरच राहिलं होतं. ते घेऊन बायको डाव्या बाजूने पुढे आली, हात वर करून "अहो, थांबा!" म्हणत. मास्तरांना हाक ऐकू आली तेव्हा ती स्कूटरच्या आरशाइतकी जवळ आली होती. हँडल तिच्या मनगटावर बसलं. ती पडली, पुढे जाऊन स्कूटरही पडली.

मास्तर उठून धावले. ती मनगट छातीशी धरून जमिनीवर बसली होती, आणि दुखण्यापेक्षा नवलाने त्यांच्याकडे बघत होती.

"मी हात हलवत होते," ती म्हणाली. "केवढा तरी वेळ. तुम्ही माझ्यावरूनच गेलात."

"दिसली नाहीस गं."

"भर दुपारी?"



हाड मोडलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने कसं झालं विचारलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "पायरीवरून घसरले." मग हात प्लॅस्टरमध्ये घालायची वाट बघत दोघं बाहेरच्या बाकावर बसली. तिथे मास्तरांनी सगळं सांगितलं. पेला, चौकट, पायऱ्या, भाऊ. सांगताना ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. ती डावीकडे बसली होती, म्हणजे त्यांच्यासाठी ती तिथे नव्हतीच. नुसता श्वास ऐकू येत होता.

मग ती म्हणाली, "दोन वर्षं मी तुमच्यावर ओरडतेय. पेला सांडला म्हणून. आंधळे आहात का, असंसुद्धा म्हटलं असेल."

"म्हटलंस. दोनदा."

ती रडली. रडणं ओसरल्यावर मात्र तिचा आवाज चढला. "आणि तिथे मी नसते, कुणाचं लेकरू असतं तर? मला सांगायचं नव्हतं तर नसतं सांगितलं. पण किल्ली का घेतलीत हातात?"

 

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मास्तरांनी काही वेळा दाबलं, मग वाट बघत बसले. शेवटी म्हणाले, "बाई, बराच वेळ झाला, दिवाच लागत नाहीये."

 यंत्र चालवणारी बाई हळूच म्हणाली, "लागतोय काका."

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरचं चित्र दाखवलं. सगळा कागद काळा, मधे तेवढं एक पांढरं वर्तुळ. कडेचं गेलेलं परत येत नाही, मधलं अजून काही वर्षं टिकेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. हे त्यांना ठाऊकच होतं. मग बाईंनी विचारलं, "मुलं किती?"

"एकच. मुलगी."

"तिलाही एकदा दाखवून घ्या. हे घराण्यात चालत येतं."

हे मात्र मास्तरांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. भावाचं आपल्याकडे आलं, इथपर्यंतच त्यांचा हिशेब थांबला होता. लेक दुसऱ्या शहरात होती, तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. तिला फोन करायला मास्तरांनी आठ दिवस घेतले. रोज फोन हातात घ्यायचे, तिचा आवाज आला की तब्येत विचारायचे, हवा-पाणी विचारायचे आणि ठेवायचे. नवव्या दिवशी बायकोने फोन लावून त्यांच्या कानाला धरला आणि जागची हलली नाही.

लेक सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन वर्षं एकटेच घाबरत होतात?" तेवढंच. मास्तरांनी फोन बायकोकडे दिला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. लेकीने डोळे तपासून घेतले. सध्या काही नाही, दर दोन वर्षांनी दाखवायचं, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'सध्या'वर मास्तरांची झोप अडकून राहिली ती कायमची.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी बायको म्हणाली, "आता मी शिकते."

"तू? अगं, तू सायकलवर तरी कधी बसलीस का?"

"तुम्ही तरी आईच्या पोटातून कापड कापायला शिकून आला होतात का? एकोणपन्नास म्हणजे काही म्हातारपण नाही."

पुन्हा तेच दुकान, तीच पोरगी. ती करडी स्कूटर मात्र बायकोने बघितलीही नाही. या वेळी निवडली मास्तरांनी, आणि पहिल्यांदा खरोखर निवडली. बायको ठेंगणी. तिच्या पायाचं माप त्यांना पाठ होतं. त्यांनी खिशातून टेप काढली, एकेका स्कूटरसमोर उकिडवे बसले आणि सीटची उंची मोजत गेले. चार स्कूटर तिथल्या तिथे बाद. पाचवीवर तिला बसवलं.

"टाचा टेकव. नुसते चवडे नकोत."

"टेकल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही हो, मास्तर!"

मग त्यांनी मागची सीट हाताने चाचपली. धरायला कडी कुठे आहे, पाय ठेवायला जागा किती आहे, हे बोटांनी बघितलं. पोरगी शेजारी उभी होती, पण एकदाही मधे बोलली नाही. निळी, छोटी, जरा संथ अशी ती स्कूटर घरी आली.

बायको शिकताना दोनदा पडली, एकदा शेजाऱ्याच्या फाटकात घुसली. परवाना हातात पडल्यावर तिने मालकाला सांगून कारखान्यातच बटणांच्या विभागात काम घेतलं, आणि दोघं रोज बरोबर जाऊ लागली. पुढे ती, मागे मास्तर. वाटेत ती मोठ्याने सांगत राहायची: डावीकडून ट्रक येतोय, उजवीकडे नवं घर बांधतायत, रंग अगदीच भडक लावलाय मेल्यांनी. मास्तर तिच्या खांद्यावर हात ठेवून ऐकायचे. एक वर्ष आणि चार महिने असे गेले. लोक मागून हसायचेही, बायको चालवते आणि मास्तर मागे बसतात म्हणून. मास्तरांना ते हसणं ऐकू यायचं. त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग एका सकाळी मशीन चालू असताना थर अंथरणारी बाई डाव्या बाजूने वाकली आणि कापडाची सुरकुती सारखी करू लागली. कुणीतरी किंचाळलं. मास्तरांनी पातं थांबवलं. बाईच्या बोटांत आणि पात्यात करंगळीएवढं अंतर होतं.

कुणालाही काही झालं नाही. बाई उलट स्वतःचीच चूक म्हणू लागली. मास्तरांनी मशीन बंद केलं, जाळीचा मोजा काढून टेबलावर ठेवला आणि मालकाच्या खोलीत गेले. "मला दिसत नाही," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांपासून. आधीच सांगायला हवं होतं."

मालक भला माणूस होता. नुसते बसून राहा, नव्या माणसाला शिकवा, म्हणाला. मास्तरांनी एक महिना शिकवलं. पण लोक आता त्यांच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागले होते, जणू कानही गेलेत. नव्या माणसाची रेघ सरळ येऊ लागली तशी मास्तरांनी कायमची रजा घेतली.

दुसऱ्या दिवशी बायको पहिल्यांदा एकटी निघाली. मास्तर फाटकापर्यंत आले.

"जाऊ ना?"

"जा. घाई करू नकोस."

संध्याकाळी आल्यावर ती मास्तरांकडे पाठ करून ओट्याशी चहा करू लागली. मग म्हणाली, "वळणावर स्कूटर फारच हलकी लागली. घाबरले मी."

"होईल सवय."

"मला नकोय ती सवय."

सवय झाली अर्थातच, सगळ्याची होते. त्यालाही आता दोन वर्षं होत आली. कागदावरचं ते पांढरं वर्तुळ आणखी लहान झालंय. मास्तर दिवसभर घरी असतात, भाजी निवडतात, कपडे घडी करतात; घड्या अजून काटकोनात येतात. बायको कामावरून आली की हातपाय धुते आणि खुर्ची ओढून त्यांच्या बरोबर समोर बसते. शेजारी कधीच नाही. मग दिवसभरातलं सगळं सांगते, आणि सांगताना स्वतःची मान हलू देत नाही.