पार्टिशनपलीकडचे देसाई

३ जुलै. टाइमशीट भरता भरता टीमच्या कॉलवर होते. हेडफोनमध्ये देसाई शिंकले आणि तीच शिंक माझ्या पाठीमागच्या पार्टिशनपलीकडूनही आली. तीन वर्षं आम्ही एका प्रोजेक्टवर आहोत, कॅमेरे कायम बंद ठेवून.

"देसाई, तुम्ही पुण्यातच? माझ्या मागे?"

"अहो मॅडम, मला वाटलं तुम्ही हैदराबादला!"

सगळे हसले. मग ते म्हणाले, "उद्या माझा इथला शेवटचा दिवस."

कॉल संपला. ते उठले नाहीत, मीही नाही. शेकडो माणसांच्या मजल्यावर आपण दिवसभर नुसत्या आवाजांशी बोलतो. चार पावलं चालून माणसाला भेटायचा मला संकोच वाटला, याचाच राग आला.

४ जुलै. सकाळी लॉगिन करण्याआधी पार्टिशनला वळसा घातला. म्हटलं, "मी जोशी. चला, चहाला."