दिनकरची अपुरी वंशावळ

दिनकर गेला त्याला आज पाच आठवडे झाले. वय अडतीस. त्या दिवशी दारात जमलेल्या मंडळींना त्याचे थोरले बंधू आण्णा सांगत होते, "मूळव्याध हो. उष्णताच हाय आमच्या घराण्यात." मी शेजारीच उभा होतो. तिरडी बांधली जात असताना वाद नको म्हणून गप्प राहिलो. ते गप्प राहणे आता पुरे झाले. दिनकर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेला, आणि तो होणार हे आण्णांना, मला आणि खुद्द दिनकरला पाच वर्षे आधी ठाऊक होते.

संस्थान विलीन झाले त्या सुमारास तो आमच्या दप्तरात कारकून म्हणून आला. मी तिथला मुख्य. वतनाच्या वारसांचे तंटे ढिगाने येत. मोडी कागद वाचून वंशावळ मांडणे हे दिनकरचे काम. त्याने मांडलेली वंशावळ मी पुन्हा तपासत नसे. एवढा विश्वास मी दुसऱ्या कोणावर टाकला नाही. गारगोटीकडचा एक पाटील एकदा टेबलावर मूठ आपटून ओरडला, "पावणं, माझा आज्जा कुठं हाय ह्यात?" दिनकर मान वर न करता म्हणाला, "त्यो दत्तक गेलता की. तिकडच्या घरात हुडका." सारे दप्तर हसले. बहुधा मीसुद्धा.

पुढे त्याला शौचावाटे रक्त पडू लागले. वर्षभर त्याने लपवले. कळल्यावर मीच त्याला डॉक्टरांकडे नेले. दिव्याच्या नळीतून त्यांनी आत पाहिले. आतड्याच्या अस्तरावर मोहरीएवढे, हरभऱ्याएवढे कोंब होते... शेकडो. त्यांनी विचारले, "घरात आणखी कोणाला?" दुसऱ्या दिवशी दिनकरने आपल्या घराण्याची वंशावळ सुबक अक्षरात लिहून नेली. वडील आणि एक चुलते चाळिशीच्या आत गेलेले. दोघांपुढे 'मूळव्याध'.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला. "यात बायका कुठे आहेत?"

"वंशावळीत बायका घालत नाहीत."

"रोगाला हे कोणी कळवले आहे का?"

मग एक आत्या निघाली. तिशीत रक्त जाऊन गेलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले : हे कोंब आज कर्करोग नव्हेत, पण ठेवले तर त्यांतला एखादा होणारच. मोठे आतडे काढावे लागेल. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून उतरतो; मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला निम्मी शक्यता. सर्व भावंडांना आणा.

आण्णा भडकले. "आतडं कापून माणूस जगतोय व्हय? आन् जयसिंगपूरच्या पाव्हण्यांस्नी काय सांगू, आमचं रक्तच नासकं हाय म्हणून?" धाकट्या इंदूचे लग्न तिथे ठरत होते. दिनकर मला म्हणाला, "साहेब, इंदूचं तेवढं होऊ दे. मग जातो." वरपक्ष माझ्याकडे चौकशीला आला. घराणे निरोगी आहे, असे मी सांगितले. मी. चाळीस वर्षे कागदावर खोटी नोंद न होऊ देणारा मनुष्य.

लग्न झाले. मग इंदूचा पहिला सण, मग तिचे बाळंतपण. दर वेळी आण्णांना नवे निमित्त सापडे आणि दर वेळी दिनकर मान डोलावे. त्याच्या त्या सोशिकपणाचाही मला आज संताप येतो. अखेर शस्त्रक्रियेसाठी पोट उघडले तेव्हा रोग यकृतात पोचला होता. शेवटी एवढेच म्हणाला, "इंदूला सांगा. आण्णा सांगायचे न्हाईत."

तेरावा झाल्यावर मी जयसिंगपूरला गेलो. इंदूने सारे ऐकून घेतले. "काका, बाळंतपणापास्नं मलाबी रगत पडतंय." नवरा दारात उभा होता.

"आन् मला बोलली न्हाईस?"

"माहेरी धाडलं असतंसा."

तो उंबरा ओलांडून आत आला. मग म्हणाला, "चप्पल घाल. ऊठ."

तिच्या आतड्यातही तेच कोंब आहेत. कर्करोग अजून दिसलेला नाही. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे. हे लिहू का, असे मी दोघांना विचारले. इंदू म्हणाली, "लिवा. आण्णादादाच्या पोरांस्नी तरी कळंल."

काल आण्णा माझ्या घरी आले. "माझ्या भैणीचं घर मोडाय निघालासा तुम्ही!" शेजारी गोळा होईपर्यंत ओरडले. मी ओरडू दिले. मग खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. पाणी दिले, तेही उभ्यानेच प्यायले. दिनकर शेवटचे वर्षभर असाच उभ्याने लिहीत असे. बसणे त्याला सोसत नव्हते.

मी विचारले, "आण्णा, तुम्हाला कधीपासून?"

त्यांनी भांडे खाली ठेवले. "दोन वर्सं झाली," म्हणाले.