सावलीमास्तर

रिकाम्या प्लॉटवर दुपारी चारच्या उन्हात बंद छत्री जमिनीत रोवून तिच्या सावलीकडे टक लावून बसलेला माणूस दिसला, की रत्नागिरीत नव्याने आलेल्याला वाटे, हा एकतर ज्योतिषी असावा किंवा भांडून घराबाहेर पडलेला असावा. गावच्या माणसाला कळे, की इथे आता इमारत उठणार. छत्रीवाले ते गृहस्थ म्हणजे सावलीमास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढून देणारे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे फ्लॅट ही वस्तू नवी होती. कौलारू घरात जन्मलेल्या माणसाला हवेतली जागा विकायची, तर ती आधी दिसायला हवी. नकाशा हातात दिला की गिऱ्हाईक तो उलटा धरी आणि संडास कुठे आहे एवढंच विचारी. मी ज्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, तिथले साहेब मुंबईत शिकलेले आर्किटेक्ट. ते गिऱ्हाइकाला 'अवकाशाचा प्रवाह' समजावून सांगत. अवकाश म्हणजे खोली, हे कळायला मला स्वतःला सहा महिने लागले होते. म्हणून शेवटी नकाशे मास्तरांकडे जात. आठ-दहा दिवसांनी मास्तर मोठ्या पुठ्ठ्यावर पोस्टर कलरमध्ये इमारत घेऊन येत, ती इतकी हुबेहूब, की एका बाईंनी चित्रातल्या पायरीवरची धूळ पदराने पुसायला घेतली. धूळ गेली नाही. पदर मात्र गेला.

"इमारत काय, कोणीही काढील," मास्तर म्हणत. "पट्टी आहे, पेन्सिल आहे. सावलीसाठी जागेवर जावं लागतं. सूर्य काय तुझ्या ऑफिसात येऊन सही करणार आहे?" त्यांच्या चित्रात नेहमी दुपारचे चार वाजलेले असत, आणि तेसुद्धा त्या प्लॉटवरचे चार. शेजारच्या फणसाची सावली पहिल्या मजल्यावर पडणार असेल, तर चित्रात ती पडलेली असे. फणस काढून टाका म्हटलं तर मास्तर विचारीत, "शेजाऱ्याला विचारलंत?"

जांभा दगड, म्हणजे आमच्याकडचा तांबडा चिरा, रंगवण्याची त्यांची रीत अशी, की दात घासायचा ब्रश तांबड्या रंगात बुडवायचा आणि चहाच्या गाळणीवर घासायचा. खाली पुठ्ठ्यावर दगडाची भोकं आणि खरखर आपोआप उमटत. रंगाचा ब्रश आणि खरा ब्रश एकाच पेल्यात राहत असल्यामुळे वर्षातून एकदा तरी मास्तर तांबड्या दातांनी ऑफिसात येत. साहेब म्हणत, "मास्तर, पान?" मास्तर म्हणत, "छे हो. चिरा."

त्या काळी बिल्डर लोकांकडे परदेशी मासिकांतून कापलेल्या बायका आणि गाड्या असत. त्या चित्रावर चिकटवायच्या, म्हणजे इमारतीला दर्जा येतो अशी समजूत होती. आमचे बिल्डर, ज्यांना सगळे शेठ म्हणत, त्यांनी एकदा अशी एक गोरी बाई मास्तरांपुढे ठेवली. मास्तरांनी चष्मा वर करून तिला नीट पाहिलं.

"ही इथे राहणार?"

"राहणार नाही हो. शोभेला."

"मग बांगडा कसा दिलास म्हणून कोण विचारणार कोळणीला? हिला घासाघीस जमेल असं वाटत नाही."

मास्तर आपल्या चित्रांत ओळखीची माणसं घालत. फाटकाशी पोस्टमन, गच्चीत पापड वाळवणाऱ्या कोणाच्या तरी काकू, जिन्यावर बँकेतले दमेकरी क्लार्क. चित्र ऑफिसच्या खिडकीत लागलं, की आज कोण कोण आलंय ते बघायला गर्दी होई. वाटेत गाठून लोक सांगत, "मास्तर, मला जरा वरच्या मजल्यावर घ्या हो." एका गृहस्थांना त्यांनी तळमजल्यावर काढलं, तर ते महिनाभर बोलत नव्हते.

आणि यातूनच तांडेलांचं प्रकरण घडलं.

तांडेल दाभोळचे. उभा जन्म जहाजांवर काढून घरी आलेले. बायकोला गावातला दवाखाना जवळ हवा, म्हणून दाभोळची जागा विकून रत्नागिरीत फ्लॅट घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. अट एकच, घरातून समुद्र दिसला पाहिजे. कोणी म्हणे, तांडेल, अजून पोट भरलं नाही समुद्राने? तर म्हणत, "तीस वर्षं समुद्रावरनं घर बघायला डोळं फाडलं, दिसलं न्हाय. आता घरातनं समुद्र बघतो. तो तरी दिसंल."

शेठची नवी इमारत तेव्हा वरच्या रस्त्याला होणार होती. तिचं नाव 'सागरदर्शन'. साहेबांनी नकाशावरून हिशेब करून सांगितलं, की दुसऱ्या मजल्यावरून समुद्र दिसणार. नेमके त्या आठवड्यात मास्तरांचे गुडघे सुजलेले. आयुष्यात पहिल्यांदा ते जागेवर न जाता कागदावरून चित्र काढायला बसले. इमारतीच्या उजवीकडे त्यांनी समुद्राची निळी पट्टी ओढली, आणि दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, तिकडे तोंड करून, तांडेलांना उभं केलं. डोक्यावरच्या टोपीसकट.

चित्र खिडकीत लागलं त्या दिवशी तांडेल ते पाहून गेले, आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. त्यांच्या मते चित्रात काढलं म्हणजे ती जागा त्यांच्या नावावर झाली. घरी सांगून झालं होतं, दाभोळच्या जागेला गिऱ्हाईक बघून झालं होतं, आठ दिवसांत कागद व्हायचे होते. त्यांनी मास्तरांच्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही काढलंत म्हणजे असणारच."

मास्तरांनी पेढा खाल्ला नाही. तो तसाच हातात धरून ते बराच वेळ चित्राकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "टेप घे. आणि तांडेल, तुम्ही पण चला."

प्लॉटवर एक माड होता. मास्तर लंगडत त्याच्यापर्यंत गेले आणि विचारलं, "तांडेल, अजून चढता येतं?"

"काय विचारता? डोलकाठीवर जन्म गेलाय माझा."

टेपचं टोक तांडेलांच्या कमरेला बांधलं. साठीचा माणूस खारीसारखा वर गेला. दुसऱ्या मजल्यावर उभ्या माणसाचे डोळे जिथे येतील, तिथे मी खालून ओरडलो, "थांबा!"

"काय दिसतंय?" मास्तरांनी विचारलं.

"पत्रा."

"कसला पत्रा?"

"बर्फाच्या कारखान्याचा. गंजलाय."

"त्याच्या पलीकडे?"

"पलीकडं पत्र्याचं दुसरं टोक."

तांडेल तसेच वर चढत राहिले, पार झावळ्यांपर्यंत. मग त्यांची आरोळी आली. "दिसला! सगळा दिसतो! मांडवी बंदराकडनं एक गलबत पण चाललंय! मास्तर, हितं काढा की बाल्कनी!"

मास्तर हसले नाहीत. खाली आल्यावर तांडेलही हसायचे थांबले. अंगावरची साल झाडत ते म्हणाले, "कशाला सांगितलंत वो? ऱ्हायला आलो असतो, चार दिवस शिव्या घातल्या असत्या, मग सवय झाली असती."

"मला नसती झाली," मास्तर म्हणाले.

परत येऊन त्यांनी चित्र खिडकीतून उतरवलं, करडा रंग कालवला आणि तासाभरात समुद्राच्या जागी बर्फाच्या कारखान्याचा पत्रा उभा केला. गंजाचे डाग तर इतके सुंदर, की मला तो पत्रा विकत घ्यावासा वाटला. बाल्कनीतल्या तांडेलांनाही त्यांनी पुसून टाकलं. संध्याकाळी शेठ आले.

"मास्तर, हे काय?"

"बर्फाचा कारखाना."

"अहो, इमारतीचं नाव सागरदर्शन आहे!"

"नाव बदला. पाटी रंगवायला मला वेळ लागत नाही."

नाव बदललं नाही. मास्तर बदलले गेले. साहेबांनी त्या संध्याकाळी अवकाशाबद्दल एक शब्द काढला नाही. खिडकीतून बाहेर बघत ते एवढंच म्हणाले, "शेठचं काम आहे, मास्तर." दुसऱ्या दिवशी शेठनी पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुझ्याकडे निळा रंग असेल ना?"

होता. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं आणि नोकरी कायम व्हायची होती. ही कारणं खरी आहेत, पण तेव्हा मी स्वतःला ती इतक्या वेळा सांगितली, की आता लिहितानासुद्धा घासलेली वाटतात. दोन तासांत मी पत्र्यावर समुद्र चढवला.

मास्तर आपले ब्रश न्यायला आले तेव्हा रंग ओलाच होता. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता फाडतात.

"क्षितिज सरळ आलंय," ते म्हणाले. मग ब्रश पिशवीत घालता घालता, "भरती आहे का ओहोटी, तेवढं एकदा ठरव."

सागरदर्शनचे सगळे फ्लॅट विकले गेले. बरेचसे मुंबईच्या लोकांनी चित्र बघूनच घेतले. तांडेल दाभोळलाच राहिले. बायकोला दवाखान्यात नेण्याआणण्याची एस.टी. त्यांनी मरेपर्यंत चुकवली नाही, आणि मास्तरांशी भांडणही चालू ठेवलं. गावात आले की न चुकता मास्तरांकडे जेवून जात. मास्तरांना मात्र पुन्हा कोणी इमारत दिली नाही. ते एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करून देऊ लागले.

दशक संपता संपता मी मुंबईच्या एका मोठ्या ऑफिसात लागलो. तिथे एक कॉम्प्युटर आला होता. काचेवर हिरव्या रेघांची इमारत उभी राहायची. एक चित्र पुरं व्हायला त्याला अर्धा दिवस लागे, आणि तोवर आम्ही सगळे त्याच्याभोवती अदबीने उभे. सुट्टीला आलो तेव्हा मुद्दाम गणपतीच्या कारखान्यात जाऊन मास्तरांना हे सांगितलं, आणि आता आमच्या नोकऱ्या जाणार असं सगळे म्हणतात, तेही. ते हातातला गणपती फिरवत ऐकत होते.

"सावली टाकतो?"

"टाकतो म्हणतात, मास्तर. सूर्य कुठे आहे तेवढं आपण सांगायचं."

"बरोब्बर टाकतो?"

"आपण सांगू तशी. आणि समुद्र सांगितला, तर समुद्रपण."

मास्तरांनी एक डोळा आखला, मूर्ती लांब धरून पाहिली. दुसऱ्या डोळ्यासाठी ब्रश बुडवताना माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नसलेला समुद्र काढताना त्याला लाज वाटते?"

"नाही, मास्तर."

"मग तुझी नोकरी जात नाही," ते म्हणाले. "लाजायला तरी माणूस लागेलच. बस. चहा सांगतो."